मेडिक्लेमचं कार्ड यायला चार महिने आहेत, तोवर थेरपीचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्यात आईवडिलांसोबत राहणारी २६ वर्षांची मुलगी. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नवी नोकरी, हातात महिना २८,००० रुपये, त्यातले निम्मे घरात आणि भावाच्या फीला जातात. जुन्या कंपनीत समुपदेशनाचा खर्च कंपनी करायची. इथे सहा महिने प्रोबेशन, आणि एचआरचं म्हणणं की मेडिक्लेमचं कार्ड कन्फर्मेशननंतर. त्यातले दोन महिने झालेत. ठाण्यातल्या थेरपिस्टची फी सेशनला १,५०० रुपये, म्हणून पाच आठवडे जाणं बंद. गोळ्या दहा दिवसांच्या उरल्यात. सकाळी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये दिघा गाव यायच्या आतच छातीत धडधड सुरू होते. "ताई, हे चार महिने कसे काढू?"

तुला तू म्हणते, माझी मुलगी तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर. बावीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत हेच काम करतेय, आणि त्यातला मोठा वेळ पैसे, कागद आणि विमा यांच्याशी झगडण्यात गेलाय. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गोळ्या, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. दहा दिवसांच्या गोळ्या पंधरा दिवस पुरवायच्या म्हणून एक दिवसाआड घेणं, अर्धी करून घेणं, किंवा "बघू या जमतंय का" म्हणून बंद करणं, यातलं काहीही करू नकोस. तू लिहिलेली एसिटालोप्रॅमसारखी गोळी अचानक सुटली की चक्कर येते, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं, झोप उडते, चिडचिड होते. माणसाला वाटतं आजार उलटला, आणि तो आणखी घाबरतो. गोळी कमी करायची तर ती डॉक्टर ठरवून, हळूहळू कमी करतात. त्यामुळे या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञाला भेट. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर तुझ्या घराजवळच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ते राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे मानसोपचाराची ओपीडी चालते. जुनी प्रिस्क्रिप्शन्स आणि संपत आलेली गोळ्यांची पट्टी बरोबर ने. नव्या डॉक्टरला पट्टीवरचं नाव आणि डोस दिसला की अर्धं काम होतं. बाहेरून घ्यायची वेळ आली तर जनऔषधी केंद्रात याच घटकाची जेनेरिक गोळी ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळते.

आता त्या कार्डाविषयी. तू धरून चालली आहेस की कार्ड नाही म्हणजे विमा नाही. तसं असेलच असं नाही. ग्रुप पॉलिसीत नव्या माणसाची नावं एचआर ठरावीक काळाने यादी करून विमा कंपनीला पाठवतं. बऱ्याच ठिकाणी कव्हर रुजू झाल्याच्या तारखेपासून धरलं जातं आणि टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने कार्ड आणि क्लेमचं काम बघणाऱ्या संस्थेकडून, कार्ड मात्र सावकाश येतं. काही कंपन्या खरोखरच कन्फर्मेशनपर्यंत थांबवतात. दोन्हींत फरक मोठा आहे, आणि तोंडी उत्तरातून तो कळत नाही. एचआरला मेल कर. त्यात तीनच गोष्टी माग: माझं कव्हर नेमकं कोणत्या तारखेपासून आहे किंवा असेल, पॉलिसीची संपूर्ण पीडीएफ, आणि कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची काही सोय असल्यास तिची माहिती. कशासाठी हवंय हे लिहायची गरज नाही. नवीन माणूस असं विचारतो, त्यात काही वावगं नाही.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम घातली. पुष्कळ मोठ्या कंपन्या बाहेरच्या संस्थेशी करार करून कर्मचाऱ्यांना ठरावीक सेशन मोफत देतात. ही सोय मेडिक्लेमपासून वेगळी असते आणि बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून लागू असते, पण कोणी सांगत नाही. तुझ्या जुन्या कंपनीतलं समुपदेशन बहुधा याच प्रकारचं होतं. लोक एचआरला कळेल म्हणून घाबरतात. अशा करारांत कंपनीला साधारणपणे किती जणांनी सेवा घेतली तेवढा आकडा जातो, नावं जात नाहीत. तरी पहिल्या फोनवर समुपदेशकालाच स्पष्ट विचारून घे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये आजाराबद्दलच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारताना संकोच करण्याचं कारण नाही.

आणि आता जे सांगणार आहे ते मनाला लागेल, पण ते आजच कळलेलं बरं. चार महिन्यांनी कार्ड आलं तरी त्यातून तुझ्या दर आठवड्याच्या सेशनचे पैसे मिळण्याची शक्यता कमी आहे.

घणसोलीचा एक मुलगा होता, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. तुझ्यासारखाच प्रोबेशनवर. कार्ड आल्यावर सुरू करू म्हणून सात महिने थांबला. मग अकरा सेशन घेतली, प्रत्येक पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावली आणि क्लेम टाकला. सगळा क्लेम एका ओळीत नाकारला गेला. फोल्डर घेऊन माझ्यासमोर बसला तेव्हा आम्ही त्याच्या फोनवर पॉलिसी उघडली आणि वगळलेल्या गोष्टींच्या पानापर्यंत गेलो. तिथे लिहिलं होतं की ओपीडी उपचार समाविष्ट नाहीत. त्याच्या वर दोन पानं, हॉस्पिटलमध्ये किमान २४ तास दाखल असण्याची अट. तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. मला त्या अकरा पावत्यांपेक्षा आधीचे सात महिने जास्त बोचतात. तेवढ्या काळात त्याची झोप गेली होती, आणि लग्न ठरलेलं मोडलं होतं.

हे असं का, ते समजून घे, म्हणजे कोणी "आता कायदा झालाय, सगळं कव्हर आहे" म्हणालं तर गोंधळ होणार नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१(४) ने विमा कंपन्यांना सांगितलं की शारीरिक आजाराला ज्या पायावर विमा देता त्याच पायावर मानसिक आजारालाही द्या. कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मानसिक आजाराचा क्लेम नाकारणाऱ्या कंपनीच्या विरोधात निकाल देताना हे बंधन त्या तारखेपासूनच आहे असं स्पष्ट केलं. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने सगळ्याच पॉलिसींना ते लागू करायला लावलं. ही लढाई मोठी होती आणि तिचा उपयोग झाला: तीव्र नैराश्यात किंवा सायकोसिसमध्ये दाखल व्हावं लागलं तर आता क्लेम हक्काने मागता येतो. पण "त्याच पायावर" या शब्दांतच मेख आहे. सर्दी-तापासाठी डॉक्टरकडे गेल्याचे पैसे जी पॉलिसी देत नाही, ती तासभर बोलायला गेल्याचेही देत नाही. थेरपी म्हणजे ओपीडी. ओपीडीची वेगळी तरतूद असेल तरच पैसे मिळतात, आणि तिलाही वर्षाची मर्यादा असते. म्हणून पीडीएफ आली की पहिल्या पानावरची मोठी रक्कम बघू नकोस. "ओपीडी" हा शब्द शोध, मग मानसिक आजारासाठी वेगळी मर्यादा घातली आहे का ते बघ.

म्हणजे चार महिने तग धरायचा हिशेब चुकीचा ठरतो. पगारातून कायम झेपेल असा हिशेब बसवायला हवा, आणि तो बसतो.

सगळ्यात आधी तुझ्या जुन्या थेरपिस्टशी बोल. पाच आठवडे तू काही न सांगता जायची थांबलीस. मी टेबलाच्या त्या बाजूला बसते म्हणून सांगते, असं कोणी गेलं की आम्हाला दिवसेंदिवस वाटत राहतं की आपलं काही चुकलं का, त्या व्यक्तीला काही झालं तर नाही ना. पैसे कमी पडतात म्हणून थांबले, हे ऐकून कोणी थेरपिस्ट तुला हलकं लेखणार नाही. आमच्यापैकी पुष्कळ जण आठवड्यातल्या काही वेळा कमी फीसाठी राखून ठेवतात. मी चार ठेवते. त्या कोणाला मिळतात? जे विचारतात त्यांना. एवढंच लिही: "नोकरी बदलली, आता फी स्वतः भरायची आहे. महिन्याला मला २,५०० रुपये जमतील. तेवढ्यात काही बसवता येईल का? नाही जमलं तर कमी फीत बघणारं कोणी सुचवाल का?" रक्कम आकड्यात लिही. "थोडी कमी करा" म्हटलं की समोरच्याला अंदाज येत नाही आणि तुलाही घासाघीस केल्यासारखं वाटतं. आकडा दिला की बोलणं सोपं होतं.

आता तो आकडा कसा काढला ते बघ. उरलेले चार महिने म्हणजे १७ आठवडे. दर आठवड्याला १,५०० धरले तर २५,५०० रुपये, जवळजवळ तुझा महिन्याचा पगार. तो विचार करूनच तू थांबलीस. पण पॅनिकच्या त्रासाला कायम दर आठवड्याला जावं लागत नाही. सध्या तुझं बिघडलंय, तर पहिली चार सेशन आठवड्याला एक, पुढे दर पंधरा दिवसांनी सहा. झाली दहा. फी १,००० वर आली तर १०,००० रुपये, महिन्याला सरासरी २,५००. फी अजिबात कमी झाली नाही तर तेवढ्याच पैशांत सहा बसतात. दोन लागोपाठच्या आठवड्यांत आणि बाकीची लांबवून. हेही चालतं, फक्त थेरपिस्टबरोबर आधी ठरवून. "पुढची केव्हा येऊ ते कळवते" असं ठेवलं की तारीख लांबत जाते.

दोन सेशनमधला काळ मोकळा सोडायचा नाही, कारण खरं काम तिथेच होतं. एक छोटी वही घे. धडधड कुठे सुरू झाली, तेव्हा मनात काय आलं, किती मिनिटांनी उतरली, आणि तू काय केलंस, एवढ्या चार गोष्टी रोज. ती वही घेऊन गेलीस की पहिली वीस मिनिटं "कसा गेला आठवडा" यात जात नाहीत. माझा अनुभव आहे की वही आणणाऱ्या माणसाची पंधरा दिवसांची सेशन न आणणाऱ्याच्या आठवड्याच्या सेशनइतकी पुढे जातात. कधी थायरॉइड आणि ईसीजी केला नसेल तर एकदा करून घे, म्हणजे हृदयाची शंका मनातून जाते.

जागेचाही प्रश्न असतो, तो तू लिहिला नाहीस पण कळव्यातल्या घरांचा अंदाज मला आहे. ऑनलाइन सेशन स्वस्त पडतं, जायचा यायचा वेळ वाचतो, पण दार लावून बोलायला खोली कुठे असते? एक मुलगी इमारतीच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून बोलायची. पावसाळ्यात मैत्रिणीच्या घरी जायची. ऑफिसात छोट्या मीटिंग रूम असतील तर लंचच्या वेळात एक मिळू शकते. घरात सगळे ऐकतायत या धास्तीत घेतलेल्या सेशनचा उपयोग निम्मा होतो, तेव्हा फीइतकाच जागेचाही विचार कर.

आणि सरकारी ओपीडी. "ठाण्याला पाठवा याला" हे वाक्य लहानपणापासून आपण चेष्टेत ऐकलंय, त्यामुळे प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की तुझ्या आईचा चेहरा उतरेल. १९०१ सालापासूनचं हे रुग्णालय, ज्ञानसाधना कॉलेजजवळचं. ठाणे-मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन ज्याच्या जागेवर होणार म्हणून आपण कधीपासून ऐकतोय, तेच. तिथल्या ओपीडीत रोज माणसं ऑफिसच्या बॅगा खांद्याला लावून बसलेली असतात. डॉक्टरांना भेटतात, गोळ्या घेतात, घरी जातात. कोणी कोणाला धरून ठेवत नाही; २०१७ चा कायदा त्याबाबतीत चांगलाच कडक आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि हे रुग्णालय त्यातच येतं. कळव्याचं महापालिकेचं असल्यामुळे तिथे केसपेपर वगैरेचे थोडे पैसे लागू शकतात. नवी मुंबईच्या बाजूला नेरूळच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे.

सरकारी ठिकाणी काय मिळेल आणि काय नाही ते नीट समजून जा, म्हणजे निराश होणार नाहीस. रांग लांब असते. डॉक्टर पाच-सात मिनिटं देतात. त्यात मनातलं सगळं बोलून होणार नाही. पण निदान पक्कं होतं, गोळ्या चालू राहतात, आणि विचारलं तर तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा माझ्यासारख्या सोशल वर्करकडे पाठवतात. विचारावं लागतं. ओपीडी सकाळची असते, म्हणून महिन्यातून एक अर्धा दिवस रजा लागेल. माझ्याकडे येणारे कित्येक जण गोळ्या सरकारी ओपीडीतून घेतात आणि वाचलेल्या पैशांत बाहेर थेरपी घेतात. तुझ्यासाठी मला हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो.

ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, त्यांची 'मैत्र' ही फोनवरची सेवाही आहे. तिथे फोन करून सवलतीबद्दल सरळ विचार. मानसशास्त्राचे विद्यार्थी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली कमी फीत सेशन घेतात, तेही चांगला पर्याय असतात. नवखे असले तरी प्रत्येक सेशननंतर त्यांच्यामागे कोणीतरी विचार करणारं असतं. मात्र देखरेख कोणाची, हे विचार. आपल्याकडे "काउन्सेलर" ही पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि तो मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये. वीकेंडच्या कोर्सनंतर "पाच सेशनमध्ये पॅनिक कायमचा घालवू" म्हणून पॅकेजचे पैसे आगाऊ घेणारे घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत भेटतील. आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांपैकी कोणाचा पगार २१,००० पर्यंत असेल तर त्यांना ईएसआयबद्दल, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेबद्दल सांग. पगारातून पाऊण टक्का कापला जातो तो याचाच. त्यात पहिल्या दिवसापासून स्वतःला आणि कुटुंबाला उपचार मिळतात, ओपीडीसकट. वागळे इस्टेटला आणि वाशीला त्यांची रुग्णालयं आहेत. हाउसकीपिंगच्या, सिक्युरिटीच्या किती तरी लोकांना हे माहीतच नसतं आणि ते खासगी डॉक्टरला पैसे देत राहतात.

स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी का? पुढेमागे घे, कारण नोकरी सुटली की ग्रुप कव्हरही सुटतं. पण थेरपीचा आजचा प्रश्न तिने सुटणार नाही. सुरुवातीचे ३० दिवस, आणि आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागू शकतं; २०२४ पूर्वी हीच मर्यादा ४८ महिने होती. एजंट म्हणेल, गोळ्यांचं फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम वाढेल. त्याचं ऐकू नकोस. लपवलेलं बाहेर आलं की ऐन वेळी क्लेम जातो.

टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये साठवून ठेव. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. दोन सेशनच्या मध्ये रात्री जीव घाबरा झाला तर तिथे फोन कर. आणि कधी "आता नकोच हे जगणं" असं मनात आलं, एकदा जरी, तर हिशेब, रजा, कार्ड सगळं बाजूला ठेवून आईला उठव, १४४१६ ला फोन कर, आणि थेट कळव्याच्या कॅज्युअल्टीत जा. असं काही झालं तर पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवत बसतात. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं, आणि त्याला शिक्षा न करता मदत द्यायची.

उद्या सकाळच्या लोकलचं सांगते, कारण थेरपिस्टची वेळ मिळेपर्यंत तुला त्यातून जायचंच आहे. धडधड सुरू झाली की पुढच्या स्टेशनला उतरावंसं वाटतं. उतरलं की बरं वाटतं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर सुरू होते. ती लाट साधारण दहा मिनिटांत वर जाऊन आपणहून ओसरू लागते. खांबाला टेकून उभी राहा, श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोड, आणि घड्याळ बघ. दिघा गावला दार उघडेल तेव्हा आतच राहा. ऐरोलीला उतरलीस की प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसून वहीत वेळ लिही, किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता उतरलं. तिथूनच थेरपिस्टला तो मेसेजही पाठवून दे.